पिक्चरमधल्या फेमस डायलॉगचं मूळ कसं शोधायचं, ‘यिपी-काय-ये’ पासून ‘आता माझी सटकली’ पर्यंत

मागच्या महिन्यात लॉ कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर आमच्यात वाद झाला, विषय ब्रूस विलिसच्या डाय हार्ड या इंग्रजी पिक्चरमधला तो ‘यिपी-काय-ये’ वाला डायलॉग नक्की आला कुठून. एक जण म्हणाला ब्रूस विलिसनं शूटिंगच्या वेळी स्वतःच्या मनानं टाकला, दुसरा म्हणाला नाही रे लेखकानं लिहिलेला होता, तिसरा म्हणाला तुम्ही दोघंही गप्प बसा, ते एका जुन्या काउबॉय गाण्यातलं आहे. तिघांनी मोबाईल काढून तीन वेगवेगळी पेजेस दाखवली आणि चहा थंड झाला. मी घरी आलो आणि त्यावर दोन आठवडे बसलो, आणि ते करताना एक पद्धत हाताला लागली जी कुठल्याही डायलॉगला लावता येते, हिंदी असो, इंग्रजी असो, आपला मराठी असो. ती इथे लिहून ठेवतोय.

आधी हे एवढं कशासाठी करायचं ते सांगतो. डायलॉग गाजला की तो हिरोच्या नावावर जातो आणि ज्यानं रात्री जागून लिहिला तो माणूस कुणाला माहीतच नसतो. १९७३ ला जंजीर आला तेव्हा पोस्टरवर लेखकाचं नाव टाकायची पद्धत नव्हती, सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टर्सवर आपलं नाव रंगवून घेतलं होतं. ज्यांनी पुढे दीवार, शोले, डॉन लिहिले त्यांना हे करावं लागलं, मग बाकीच्यांचं काय झालं असेल विचार करा. त्यामुळे मला तरी हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट, डायलॉग स्वतःच्या कानांनी ऐका. मीम नाही, स्टेटस नाही, ‘टॉप टेन डायलॉग’ वाली लिस्ट नाही, थेट पिक्चर लावायचा, तो सीन काढायचा आणि वहीत जसाच्या तसा लिहायचा, सोबत वेळ पण लिहायची, म्हणजे एक तास अमुक मिनिटाला असं. हे सोपं वाटतं पण निम्म्या चुका इथेच होतात. उदाहरण घ्या, आपण सगळे लहानपणापासून गब्बरची नक्कल करताना ‘अरे ओ सांभा, कितने आदमी थे’ म्हणतो. शोले लावून बघा, ‘कितने आदमी थे’ हा प्रश्न तो कालियाला विचारतोय, आणि ‘अरे ओ सांभा’ म्हणून हाक मारतो ती सरकारनं आपल्यावर इनाम किती ठेवलंय हे विचारायला, ज्याच्यावर सांभा वरून ‘पूरे पचास हजार’ म्हणतो. दोन वेगळी वाक्यं, दोन वेगळी माणसं, पण लोकांच्या डोक्यात ती चिकटून एक झाली. आता तुम्ही जर चिकटलेलं वाक्य घेऊन मूळ शोधायला निघालात तर जे कधी बोललंच गेलं नाही त्याचं मूळ शोधत बसाल.

इंग्रजी पिक्चरला तर जास्त काळजी घ्या, कारण आपल्याकडे बरेच जण हिंदी डबिंग नाहीतर टीव्हीवरची साफ केलेली कॉपी बघून मोठे झालेत. डाय हार्डच्या त्या डायलॉगच्या शेवटी आईवरची सणसणीत शिवी आहे, टीव्हीवर ती चालत नाही, म्हणून दुसऱ्या भागाच्या अमेरिकन टीव्ही आवृत्तीत त्या शिवीच्या जागी चक्क ‘मिस्टर फाल्कन’ असं डब केलेलं आहे. कुणी ते ऐकून बसला असेल तर त्याला वाटणार की हा फाल्कन कोण आणि डायलॉगचा त्याच्याशी काय संबंध. सबटायटलवर पण विसंबू नका, वाचायला सोपं जावं म्हणून बनवणारे बऱ्याचदा वाक्य छाटतात. आणि एक छोटी टीप, हा शब्द इंग्रजीत लिहायची एकच पद्धत नाही, त्यामुळे सर्च करताना स्पेलिंग बदलून बदलून चार-पाच वेळा टाका, एका स्पेलिंगला जे सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं. मराठी डायलॉगचंही तेच, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही टाकून बघायचं.

दुसरी पायरी मला सगळ्यात जास्त आवडते. डायलॉगच्या आधीचं वाक्य ऐका. नुसतं एक वाक्य नाही, आधीचा अख्खा सीन. कारण गाजलेला डायलॉग बहुतेक वेळा कशाचं तरी उत्तर असतो, आणि प्रश्न विसरला की उत्तर हवेत लटकतं.

बाँडचं बघा. १९६२ चा डॉक्टर नो, जुगाराचं टेबल, समोर एक बाई हरतेय. बाँड म्हणतो तुमच्या हिमतीला दाद देतो, मिस…? ती म्हणते, ‘ट्रेंच. सिल्व्हिया ट्रेंच.’ आणि मग तीच विचारते तुमच्या नशिबाला दाद देते, मिस्टर…? त्यावर तो सिगरेट पेटवत म्हणतो, ‘बाँड. जेम्स बाँड.’ म्हणजे आधी आडनाव, मग पूर्ण नाव ही स्टाईल त्या सीनमध्ये आधी तिनं वापरली, त्यानं तिचीच चाल तिला परत केली. साठ वर्षं लोक तो डायलॉग मारतायत आणि सिल्व्हिया ट्रेंच कुणाच्या लक्षात नाही. मला हे कळलं तेव्हा मी तो सीन चार वेळा मागे घेऊन पाहिला.

आता डाय हार्ड. १९८८ चा पिक्चर, दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन. लॉस एंजेलिसमध्ये नाकातोमी नावाच्या उंच बिल्डिंगमध्ये ख्रिसमसच्या आदल्या रात्री टोळी घुसते, वर एकटा न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन, म्हणजे ब्रूस विलिस, अनवाणी पळतोय, त्याच्या हातात मेलेल्या गुंडाचा वॉकीटॉकी आहे. टोळीचा म्होरक्या हान्स ग्रूबर, म्हणजे ॲलन रिकमन, त्याला वॉकीटॉकीवर डिवचतो. तो काय म्हणतो ते नीट ऐका, लहानपणी जास्त पिक्चर बघितलेला आणखी एक अमेरिकन तू, स्वतःला जॉन वेन समजतोस का, रॅम्बो समजतोस का, मार्शल डिलन समजतोस का. मॅक्लेन म्हणतो मला खरंतर रॉय रॉजर्स (पडद्यावरचा जुना गाणारा काउबॉय) आवडायचा, त्याचे ते चमचम करणारे शर्ट आवडायचे. मग हान्स विचारतो, तुला खरंच वाटतं का आमच्यासमोर तुझा निभाव लागेल, मिस्टर काउबॉय? आणि त्यावर मॅक्लेन थोडा थांबून, शांतपणे, जवळजवळ स्वतःशीच म्हणतो, यिपी-काय-ये, आणि पुढे शिवी.

बघा आता. ही आरोळी कुठून आली याचं अर्धं उत्तर पिक्चरनंच दिलंय. त्याला काउबॉय म्हणून हिणवलं, तो म्हणाला बरं, काउबॉय तर काउबॉय. आणि नाव पण सीनमध्येच आहे, रॉय रॉजर्स. पुढे खालच्या पोलिसाशी बोलताना तो स्वतःचं नाव रॉय सांगतो, आणि हान्सला शेवटी ‘हॅपी ट्रेल्स’ म्हणतो, जे रॉय रॉजर्सच्या टीव्ही शोचं गाणं. म्हणजे धागा पूर्ण पिक्चरभर विणलेला आहे, एक वाक्य उपटून हातात घेतलं की तो दिसत नाही.

तिसरी पायरी, शब्द आधी कुठे होता ते मागे मागे जात शोधा. इथे एक नियम मी स्वतःला घालून घेतला, तुमच्याकडे पिक्चरची तारीख आहे ना, ती खुंटी समजा, आता फक्त त्याच्या आधीचंच बघायचं. गुगल बुक्सला तारखेची मर्यादा घालता येते, १९८८ च्या आधीचं दाखव म्हणायचं. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या रेकॉर्डी, जुनी मासिकं आहेत. एक धोका आहे, गुगल बुक्सवर कधी कधी तारीख चुकीची असते, मासिकाचा पहिला अंक ज्या वर्षी निघाला तेच वर्ष सगळ्या अंकांना लावलेलं असतं, त्यामुळे पान उघडून आत खरी तारीख दिसते का ते बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही.

असं मागे गेलं की काय सापडतं सांगतो. १९३६ मध्ये ‘ऱ्हिदम ऑन द रेंज’ नावाचा पिक्चर आला, त्यात बिंग क्रॉस्बीनं एक गाणं म्हटलं, मी रिओ ग्रँडकडचा जुना गुराखी अशा अर्थाचं, आणि त्याच्या ध्रुवपदात ‘यिपी-आय-ओ-काय-ये’ च्या जवळ जाणारी आरोळी आहे. गाणं लिहिलं जॉनी मर्सरनं. तो गाडीनं टेक्सासमधून चालला होता, तिथे त्याला काउबॉयसारखा पोशाख केलेले आणि घोड्याऐवजी मोटारी चालवणारे लोक दिसले आणि त्यातून गाणं सुचलं. गाण्यातला गुराखी सांगतो की मी कधी गुरं वळली नाहीत, मी फोर्ड व्ही-एट मधून फिरतो, आणि काउबॉयची सगळी गाणी मला येतात कारण मी ती रेडिओवर शिकलो.

इथे मी थांबलो आणि उठून खोलीत फेऱ्या मारल्या. कारण हेच तर मॅक्लेन आहे! हान्स त्याला काय म्हणतो, पिक्चर बघून बघून काउबॉय झालेला माणूस. म्हणजे ही आरोळी खऱ्या माळरानावरून थेट आलेली नाही, ती १९३६ च्या त्या गाण्यातच एका नकली काउबॉयच्या तोंडी आहे, जो रेडिओवर काउबॉयपण शिकला. आणि बावन्न वर्षांनी न्यूयॉर्कचा एक पोलीस तीच आरोळी वॉकीटॉकीवर मारतो, ज्यानं काउबॉय फक्त पडद्यावर पाहिलेत. हे लिहिणाऱ्यांच्या मनात होतं का हा वेगळा प्रश्न, पण शब्दाचं नशीब कसं असतं बघा. अजून एक, त्याच १९३६ च्या पिक्चरमध्ये सन्स ऑफ द पायोनियर्स हा गाणाऱ्यांचा ग्रुप पण आहे, आणि त्या ग्रुपमधला एक पोरगा लिओनार्ड स्लाय, जो पुढे नाव बदलून झाला रॉय रॉजर्स.

अजून मागे गेलं तर गुरं हाकायच्या लोकगीतांपर्यंत पोचतो. जॉन लोमॅक्सनं १९१० मध्ये काउबॉय गाण्यांचं पुस्तक काढलं, त्यात आईविना वासरांना हाकत नेताना म्हणायचं एक गाणं आहे, त्याची आरोळी ‘वूपी-टाय-यी-यो’. शब्द तोच नाही, पण जातकुळी तीच. आपल्याला हे समजायला लांब जायची गरज नाही. खेड, मंचर, जुन्नरच्या बाजूला बैलगाडा शर्यतीला गेला असाल तर ‘भिर्रर्र’ ऐकलं असेलच. त्या शब्दाला डिक्शनरीतला अर्थ नाही, तो बैलांना पळवायचा आवाज आहे, पण घाटात गाडा सुटला की हजारो लोकांच्या तोंडून तो आनंदाचा आवाज होऊन बाहेर पडतो, आणि आता पोरं बाईक सुटली तरी भिर्रर्र म्हणतात. जनावरांना घातलेली साद माणसांची आरोळी होते. यिपी-काय-ये चं असंच झालं, म्हणून त्याचा शब्दशः अर्थ शोधायला जाऊ नका, तो नाही.

आता चौथी पायरी, आणि इथे संयम लागतो. कोण काय दावा करतं ते गोळा करा. प्रत्येक गाजलेल्या डायलॉगला दोन-तीन बाप असतात. वहीत तीन रकाने करा, कोण म्हणालं, कधी म्हणालं, पिक्चरनंतर किती वर्षांनी म्हणालं.

यिपी-काय-ये चे दोन मुख्य दावे. पटकथा जेब स्टुअर्ट आणि स्टीव्हन डिसूझा या दोघांच्या नावावर आहे, त्यातला डिसूझा मुलाखतीत सांगतो की ओळ माझी, मी आणि ब्रूस सारखेच टीव्ही शो बघून मोठे झालो, रॉय रॉजर्स मुलांना उद्देशून यिपी-काय-ये म्हणायचा, तेच आम्ही शिवी लावून वापरलं. ब्रूस विलिसनं २०१३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सांगितलं की मी ते सेटवरच्या लोकांना हसवायला सहज टाकलं होतं, पिक्चरमध्ये राहील असं वाटलंच नव्हतं. आता यातला खोटा कोण असं लगेच ठरवायचं नाही. दोन्ही खरे असू शकतात, कागदावर एक गोष्ट असते आणि ती म्हणायची कशी, कुठे थांबायचं, हे नट ठरवतो.

पण दावा तपासायचा कसा ते सांगतो, वर्षं मांडायची. रॉय रॉजर्सचा टीव्ही शो चालला १९५१ ते १९५७. ब्रूस विलिसचा जन्म मार्च १९५५ चा, तोही जर्मनीतला, १९५७ ला त्याचं कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीला आलं. म्हणजे शो बंद झाला तेव्हा हा दोन वर्षांचा. मग ‘बघून मोठे झालो’ कसं? तर नंतर साठच्या दशकात शनिवारी सकाळी त्या शोचं पुन्हा प्रसारण व्हायचं, तेव्हा तो सहा-सात-आठ वर्षांचा, बरोबर त्या वयात. दावा टिकला. पण समजा पुनःप्रसारण नसतं तर तो पडला असता, आणि हे तपासायला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही, फक्त दोन वर्षं शेजारी शेजारी लिहावी लागतात. बहुतेक लोक हे करतच नाहीत.

सगळीकडे भांडणच असतं असं नाही. टर्मिनेटरमधल्या ‘आय’ल बी बॅक’ बद्दल श्वार्झनेगर स्वतः सांगतो की ‘आय’ल’ म्हणताना माझी जीभ वळत नव्हती, मी म्हणालो ‘आय विल बी बॅक’ करू, यंत्रमानव शब्द तोडून कशाला बोलेल, आणि जेम्स कॅमेरॉननं ऐकलं नाही, लिहिलंय तसंच बोल म्हणाला. इथे नट स्वतःच्या विरोधात साक्ष देतोय, मी चुकलो लेखक बरोबर होता असं सांगतोय, अशी साक्ष मी जास्त वजनाची धरतो. १९८४ चा तो डायलॉग अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या २००५ च्या शंभर डायलॉगच्या यादीत ३७ व्या नंबरला आहे. त्याच यादीत क्लिंट ईस्टवुडचं ‘मेक माय डे’ सहाव्या नंबरला, पिक्चर १९८३ चा, पण तीच धमकी आदल्या वर्षीच्या व्हाइस स्क्वाड नावाच्या पिक्चरमध्ये एका पोलिसाच्या तोंडी जवळपास त्याच शब्दांत आहे. म्हणून सांगतो खुंटीच्या आधीची एक-दोन वर्षं जास्त बारकाईनं बघा, लोक थेट पन्नास वर्षं मागे उडी मारतात आणि शेजारचं राहून जातं. यिपी-काय-ये त्या शंभरात नाहीच, मला ते पटलेलं नाही पण असो.

स्क्रिप्टबद्दल. नेटवर जे स्क्रिप्ट म्हणून फिरतं त्यातलं बरंचसं पिक्चर बघून नंतर कुणीतरी टाईप केलेलं असतं, ते पुरावा नाही. खरं शूटिंग स्क्रिप्ट ओळखायचं तर त्यावर ड्राफ्टची तारीख असते, कापलेले सीन असतात, आणि पडद्यावर आहे त्यापेक्षा काहीतरी वेगळं असतंच. सगळं तंतोतंत जुळत असेल तर समजायचं की नंतर उतरवून काढलंय. पिक्चर कादंबरीवरून असेल तर कादंबरी पण काढायची. डाय हार्ड हा रॉडरिक थॉर्पच्या १९७९ च्या कादंबरीवरून आहे, तिथे हिरोचं नाव जो लेलँड, वयस्कर माणूस, बायकोला नाही तर मुलीला भेटायला गेलेला. एवढं बदललेलं असताना कुठली ओळ पुस्तकातली आणि कुठली पिक्चरवाल्यांची हे पान उलटूनच कळतं.

आणि हिंदीचं असेल तर तुम्ही पुण्यात राहता हे फार मोठं भाग्य आहे. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून उभं केलेलं. २०२२ पासून ते एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाच्या छत्राखाली आहे पण जागा तीच. त्यांच्या लायब्ररीत स्क्रिप्ट्स आहेत, पोस्टर्स आहेत, पेपरची कात्रणं आहेत, आणि पूर्वी थिएटरबाहेर मिळायची ती गाण्यांची पुस्तकं आहेत. ती पुस्तकं फार कामाची, त्यात गोष्टीचा सारांश आणि लेखक-गीतकारांची नावं छापलेली असतात, आणि ती पिक्चर लागतानाच छापलेली, म्हणजे नंतरच्या मुलाखतींच्या मसाल्याच्या आधीची. जाताना आधी फोन करून वेळ आणि नियम विचारा, ओळखपत्र घ्या, पेन्सिल घ्या, आणि नेमकं काय हवंय ते कागदावर लिहून न्या. ‘डायलॉगबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर कुणीच मदत करू शकत नाही, ‘अमुक साली आलेल्या अमुक पिक्चरची कात्रणं’ म्हटलं की काम होतं. शोलेच्या डायलॉगची तर पॉलिडोरनं एलपी काढली होती, लोक गाण्यांसारखे डायलॉग घरी वाजवायचे, रविवारी जुन्या बाजारात रेकॉर्डी चाळायची सवय असेल तर नजर ठेवा. जुन्या पेपरसाठी आणि दिवाळी अंकांसाठी नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आणि नगर वाचन मंदिर.

अजून एक प्रश्न विचारल्याशिवाय शोध पुरा होत नाही, की डायलॉग तयार कुठे झाला हे कळलं, पण तो फेमस कशानं झाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डाय हार्डमध्ये शेवटच्या सीनला हान्स स्वतः ती ओळ उच्चारतो, तू मघाशी मला काय म्हणाला होतास म्हणून, यिपी-काय-ये, शिवीसकट. म्हणजे एकाच पिक्चरमध्ये ओळ दोनदा येते, दुसऱ्यांदा शत्रूच्या तोंडून, आणि थिएटरमधून बाहेर पडताना तीच डोक्यात राहते. मग पुढच्या चारही भागांत ती ठेवली, २००७ च्या चौथ्या भागात तेरा वर्षांच्या पुढच्या पोरांना चालेल असं सर्टिफिकेट हवं होतं म्हणून शिवीच्या वेळी गोळीचा आवाज टाकला, पण ओळ काढली नाही. डिसूझाच म्हणतो की जी ओळ गाजेल असं वाटून लिहावी ती कधीच गाजत नाही, ते प्रेक्षक ठरवतात.

आता हे सगळं आपल्या घरच्या डायलॉगवर लावून दाखवतो. ‘आता माझी सटकली’. सिंघम, जुलै २०११, रोहित शेट्टीचा, अजय देवगण, संवाद फरहाद-साजिद यांचे. अख्ख्या भारतानं एक मराठी वाक्य पाठ केलं, २०१४ ला दुसऱ्या भागात त्याच्यावर गाणंच केलं, आणि मूळ विचारलं तर सगळे ‘सिंघमचा आहे’ एवढंच सांगतात.

पिक्चर रीमेक आहे, म्हणून आधी मूळ बघायचं. २०१० चा तमिळ सिंगम, सूर्याचा. त्यातला गाजलेला डायलॉग आहे की मी जोरात मारलं तर दीड टन वजन पडतं, अशा अर्थाचा. सटकण्याचा त्यात संबंध नाही, म्हणजे ही ओळ भाषांतर नाही, गोष्ट महाराष्ट्र-गोवा सीमेवर आणून हिरोला बाजीराव केलं तेव्हा इथल्या मातीतून घेतलेली.

मग शब्द. शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थची मराठी-इंग्रजी डिक्शनरी फुकट बघता येते, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, आणि तिथेच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये आपल्या पुण्यातूनच निघालेला. दोन्हीकडे ‘सटकणे’ काढा आणि अर्थ शेजारी शेजारी लिहा. निसटणे, हळूच पळ काढणे हा सरळ अर्थ, जो आपण आजही ‘तो मीटिंगमधून सटकला’ म्हणताना वापरतो. राग येणे हा अर्थ त्यावर चढलेला, जागेवर होतं ते निसटलं. पण काय निसटलं? डोकं म्हणावं तर ‘माझं सटकलं’ व्हायला हवं, आणि ‘डोकं सटकलं’ असं म्हणतातही. इथे आहे ‘माझी’. मराठीत ही एक मस्त सवय आहे, त्याची जिरली, माझी टरकली, तिची सटकली, प्रत्येक ठिकाणी स्त्रीलिंगी काहीतरी आहे जे बोलायचं नाही, ऐकणारा समजून घेतो. खोपडी असेल, अजून काही असेल. व्याकरणात हे इतकं मुरलेलं आहे म्हणजे ते एका पिक्चरसाठी घडवलेलं नाही, लोक आधीपासून बोलत होते.

पण हे वाटणं झालं, पुरावा लागतो, आणि बोलीभाषेच्या शब्दाला छापील पुरावा पटकन मिळत नाही, म्हणून माणसांना विचारावं लागतं. विचारायची पण रीत आहे. ‘मामा, तुम्ही सिंघमच्या आधी सटकली म्हणायचात का’ असं विचारलंत तर मामा हो म्हणणारच, शब्द तुम्हीच त्यांच्या तोंडात दिला. मी मामांना विचारलं तुम्ही कंपनीत होता तेव्हा सुपरवायझर चिडला तर तुम्ही आपसात काय म्हणायचात. ते थोडा वेळ आठवत बसले, मग म्हणाले तापला, भडकला, आणि मग स्वतःच म्हणाले ‘सटकली रे आज त्याची, लांब रहा’. मी शब्द दिलेला नव्हता. मग पुढचा प्रश्न, हे कुठल्या कंपनीत? त्यांनी सांगितलं पिंपरीतली ती कंपनी, जी त्यांनी १९९८ ला सोडली, सोडल्याचं पत्र मामींनी फाईलमध्ये लावून ठेवलंय. म्हणजे वर्ष मिळालं. ‘लहानपणी’, ‘पूर्वी’ यावर थांबायचं नाही, नोकरी, लग्न, घर बदलणं, कशाला तरी आठवण बांधून घ्यायची.

एक माणूस म्हणजे एक साक्ष. दुसरा असा पाहिजे जो पहिल्याला ओळखत नाही आणि दुसऱ्या भागातला आहे, म्हणून आमच्या सोसायटीतल्या रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काकांना तसाच आडवळणानं प्रश्न केला, ते सोलापूरकडचे. त्यांनी ‘सटकली’ सांगितलं, पण ‘आता माझी’ असं स्वतःबद्दल कुणी म्हणायचं नाही म्हणाले, नेहमी दुसऱ्याबद्दल, त्याची सटकली, साहेबाची सटकली. मामांना परत फोन केला, त्यांचंही तेच, स्वतःबद्दल नाही. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. दोन साक्षींवर मी फार काही बांधणार नाही, पण कदाचित सिंघमचं खरं नवेपण इथे आहे, शब्द जुना, पण त्याची चं माझी केलं, आणि पुढे ‘आता’ लावून धमकी केली. चिडलेल्या माणसाबद्दल लांबून कुजबुजायचं वाक्य त्यांनी चिडलेल्या माणसाच्याच तोंडी दिलं.

वहीत सध्या असं लिहिलंय: ‘सटकली’, रागावणे या अर्थानं, १९९८ च्या आधी, दोन तोंडी साक्षी, पिंपरी आणि सोलापूर, छापील पुरावा बाकी. ‘माझी सटकली’, स्वतःबद्दल, २०११ च्या आधीचा एकही नमुना अजून नाही. पुढच्या शनिवारी ग्रंथालयात नव्वदच्या दशकातले दिवाळी अंक काढून घ्यायचे आहेत, विनोदी कथा आधी, कारण बोलीभाषा तिथेच सगळ्यात लवकर छापली जाते.